लाल डोळ्याचा नर

इतवारा बाजारातल्या नजीरभाई चष्मेवाल्यांना तुम्ही काहीही म्हणू शकता. दुकान उशिरा उघडतात म्हणा, फोनवर गरजेपेक्षा मोठ्यानं बोलतात म्हणा, चहात साखर फार घेतात म्हणा. ते ऐकून घेतील आणि वर तुमच्या चष्म्याची ढिली झालेली काडी आवळून देतील. पण त्यांच्या नजरेबद्दल बोलायचं काम नाही. दुकान वडिलांचं, त्याआधी आजोबांचं. अर्धं नांदेड आपल्या घराण्यामुळे स्वच्छ बघतंय असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. उरलेलं अर्धं निव्वळ हट्टापायी डोळे बारीक करून बघतंय, असंही होतं.

म्हणून लेकीनं लातूरहून फोन करून विचारलं, "अब्बा, एवढं बघायला जमेल का तुम्हाला?" तेव्हा त्यांना कामापेक्षा तो प्रश्नच जास्त लागला.

लेक मनतशा लातूरला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत होती. देगलूर नाक्याकडच्या त्यांच्या घराला लागून शेजारी आप्पासाहेबांचं अंगण, अंगणात भला मोठा लिंब, आणि त्या लिंबावर शिक्र्याच्या जोडीनं घरटं बांधायला घेतलं होतं. शिक्रा म्हणजे कबुतराएवढा शिकारी पक्षी. सरडे, पाली, चिमण्या उचलतो आणि दिवसभर किंचाळतो. मनतशा सुट्टीत आली होती तेव्हा नुसत्या काड्या आणणं चाललं होतं. तिनं तेच घरटं प्रकल्पाला धरलं. अंड्यांवर कोण बसतं, शिकार कोण आणतं, नर किती वेळ, मादी किती वेळ, एवढंच टिपायचं. पण अंडी घालायच्या वेळेला नेमकी लातूरला प्रात्यक्षिकं लागली.

ह्या प्रकल्पावर बरंच काही टांगलेलं होतं. मनतशाच्या मार्गदर्शक दीपमालामॅडम कधी हसत नसत आणि कधी शब्द फिरवत नसत. काम चोख झालं तर पुढच्या संशोधनासाठी शिफारस करते, असं त्या म्हणाल्या होत्या. इकडे बिलोलीचे मामू एक फरशीवाल्यांचं स्थळ घेऊन दर जुम्म्याला फोन करत होते. नजीरभाईंनी घरात जाहीर केलं होतं की शिफारस झाली तर पोरगी शिकेल, नाही झाली तर मामूंचं ऐकू. तेव्हा हे तडफदार वाटलं होतं. आता सगळा मामला लिंबावर जाऊन बसला होता.

"एकदम सोपं आहे अब्बा," मनतशा म्हणाली. "नराचा डोळा लालभडक असतो, मादीचा पिवळा-नारिंगी. दुर्बिणीतून डोळा बघायचा आणि मला फोनवर बोलून पाठवायचं."

"बेटा, दुसऱ्यांचे डोळे बघण्यातच उमर गेली," नजीरभाई म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी फजरची नमाज आटोपून ते गच्चीवर गेले. घरट्यात एक मोठा पक्षी बसला होता. त्याचा डोळा त्यांनी नीट पाहिला. थोड्या वेळानं दुसरा, जरा लहानखुरा, पाण्याच्या टाकीवर येऊन बसला. त्याचाही डोळा पाहिला. दोन्ही डोळे सारखेच होते.

नजीरभाईंनी दुर्बिणीची काच पुसली. दुकानातल्या खास कापडानं पुन्हा पुसली. मग उन्हाला नावं ठेवली, मग दुर्बीण बनवणाऱ्या कंपनीला, आणि शेवटी पक्ष्यांना. एखाद्या गिऱ्हाइकानं दुकानात येऊन अशी तक्रार केली असती तर त्यांनी त्याला खुर्चीत बसवून आधी डोळे तपासले असते. पण गिऱ्हाइकाला द्यायचा सल्ला स्वतःला देण्याची पद्धत त्यांच्या घराण्यात नव्हती.

लेकीला फोन करून खरं सांगता आलं असतं. पण सांगणार काय? की ज्या माणसाला शून्य पंचवीसचा नंबर नुसत्या कपाळाच्या आठ्यांवरून कळतो, त्याला लाल आणि नारिंगी कळेना? नजीरभाईंनी डोळ्यांचा नाद सोडला आणि अकलेला कामाला लावलं.

अकलेला सोबत म्हणून त्यांनी कुंपणापलीकडे खाटेवर बसलेल्या आप्पासाहेबांना विचारलं. आप्पासाहेब भोकरकडचे बागायतदार. शेती वाट्यानं लावून ते शहरात राहायला आले होते आणि इथं सल्ला देण्याचं काम पूर्णवेळ करत होते. त्यांचा स्वतःचा शिक्र्यावर विश्वास नव्हता. ती घार हाय, एवढंच ते म्हणत. पण नर-मादीचा प्रश्न आला तेव्हा ते उठून बसले.

"ह्यात इचारायचं काय हाय नजीरभाई? बैल मोठा का गाय मोठी? कोंबडा मोठा का कोंबडी? मोठा त्यो नर. लहान ती मादी. समद्या दुनियेत हेच चालून राहिलंय."

नजीरभाईंना हे पटलं, आणि पुढं जे दिसत गेलं त्यानं ते आणखी पक्कं झालं. मोठा पक्षी दिवसभर सावलीत बसून असे, जागचा हलत नसे आणि खायला यायला उशीर झाला की आरडाओरडा करी. लहान पक्षी बेचाळीस अंशांच्या उन्हात वणवण करून सरडे आणी, मोठ्याच्या पुढ्यात ठेवी आणि पुन्हा निघे. ह्यातला नवरा कोण हे सांगायला डोळ्याचा रंग कशाला लागतो? नजीरभाई घरटं बघत आणि खालून बायकोनं, सुलतानबींनी, गच्चीवर नाश्ता आणून दिला की तो बसल्या जागी खात. ह्या दोन गोष्टींचा संबंध त्यांच्या डोक्यात आला नाही.

मग रोज त्यांचे निरोप लातूरला जाऊ लागले. नर बसला आहे. मादीनं पाल आणली. नर बसलाच आहे. मादीनं चिमणी आणली, नरानं खाल्ली, मादी परत गेली.

मनतशा चक्रावली. पुस्तकांप्रमाणे अंड्यांवर मुख्यतः मादी बसते आणि नर शिकार आणतो. इथं सगळंच उलटं चाललं होतं. तिनं फोन करून विचारलं, अब्बा, नक्की नर बसतो ना, डोळा बघितला ना? नजीरभाई दुखावून म्हणाले की तुला बापाच्या नजरेवर शंका असेल तर तसं सांग, मी उद्यापासून दुकानात जातो. बिचारीनं माफी मागितली आणि मॅडमना सगळं सांगितलं. दीपमालामॅडम पहिल्यांदाच खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या म्हणे. असं आजवर कुणी नोंदवलेलं नाही, त्या म्हणाल्या, आता एक दिवसही चुकवू नका.

नजीरभाईंनी चुकवला नाही. पण पिल्लं निघाली तसा मोठा पक्षी बिथरला. एका सकाळी तो लिंबावरून सुटला तो थेट नजीरभाईंच्या टाळूवर. टाळूवर तीन ओरखडे आले आणि चष्मा उडून आप्पासाहेबांच्या अंगणात पडला. आप्पासाहेबांनी तो शोधून दिला, पण आधी त्याच्यावर पाय देऊन. वर हळद लावायचा सल्लाही दिला. गल्लीतल्या पंचाक्षरींनी टिटॅनसचा सल्ला दिला. हे पूर्वी तहसिलीत कारकून होते. सुलतानबींनी काहीच सल्ला दिला नाही. त्यांनी दुचाकीवरचं हेल्मेट आणून दिलं.

तेव्हापासून नजीरभाई हेल्मेट घालून, त्याची काच वर करून, दुर्बीण डोळ्यांना लावून गच्चीवर बसू लागले. ह्यात गैर काय, असं त्यांना वाटे. गल्लीला मात्र वाटलं. मागच्या इमारतीतल्या कुणीतरी चौकीत कळवलं की एक इसम तोंड झाकून दुर्बिणीतून घरांमध्ये बघतो.

जमादार आले. गच्चीवर बसून नेमकं कुठं बघता, असं त्यांनी विचारलं. नजीरभाईंनी खरं ते सांगितलं, शिक्र्याच्या डोळ्यात. जमादार एकदा लिंबाकडे बघून म्हणाले की परवानगी आणा. कुणाची, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

इथं पंचाक्षरी पुढं झाले, कारण अर्ज हा त्यांचा विषय. त्यांच्या सांगण्यावरून नजीरभाई वनखात्याच्या कार्यालयात गेले. तिथल्या कारकुनानं सांगितलं की पक्षी आमचा, पण झाड शहरातलं, ते महापालिकेकडे. महापालिकेत कळलं की झाड खाजगी अंगणात आहे, मालकाची संमती आणा. मालक आप्पासाहेब म्हणाले, लिंब माझा हाय, पण त्याच्यावरच्या घारीला मी कसं काय परवानगी देऊ? सगळ्यांचं एका गोष्टीवर मात्र एकमत होतं, की नजीरभाईंनी स्वतःच्या गच्चीवर बसू नये. शेवटी कॉलेजचं पत्र चालेल असं ठरलं. ते आलं, तर शिक्का गोल हवा होता आणि आला होता चौकोनी. नजीरभाई वनखात्याच्या बाकावर बसून संतापानं ते पत्र पुन्हा पुन्हा उलटून बघत असताना शेजारी एक वार्ताहर दुसऱ्याच कामासाठी बसला होता. त्यानं सहज विचारलं, काका, काय झालं? नजीरभाईंनी सहज सांगितलं.

तिसऱ्या पानावर बातमी आली. "नर बसतो अंड्यांवर, मादी जाते शिकारीला! नांदेडच्या चष्मेवाल्याच्या तीक्ष्ण नजरेला दिसलं नवल." ती बातमी वाचून, परवानगी आणा म्हणणारे ते जमादारही दुकानात येऊन गॉगल बघून गेले. नाक्यावर फ्लेक्स लागला. त्यावर हेल्मेटमधले नजीरभाई, दोन्ही बाजूंना कुठल्या तरी परदेशी गरुडांची चित्रं आणि खाली शुभेच्छुक म्हणून गल्लीतले डझनभर चेहरे. ह्यांच्यापैकी एकानंही आजवर लिंबाकडे मान वर केली नव्हती. सर्वांत मोठा फोटो आप्पासाहेबांचा होता, आणि त्याखाली 'वृक्षदाता' असं छापलं होतं.

मग लातूरहून कळलं की रविवारी स्वतः दीपमालामॅडम येणार आहेत आणि सोबत उदगीरचे वीरण्णा. लातूर-नांदेडच्या पक्षीमित्रांत वीरण्णा म्हणजे शिकारी पक्ष्यांवरचा शेवटचा शब्द. ते ज्याला नर म्हणत तो नर आणि ज्याला मादी म्हणत ती मादी, त्यावर कुणी बोलत नसे. त्यांनी मान डोलावली की मॅडम शिफारस लिहिणार होत्या.

मनतशा रविवारी सकाळच्या गाडीनंच घरी आली. बॅग टाकून ती गच्चीवर धावली. सुलतानबी तिथं धुणं वाळत घालत होत्या. नजीरभाई हेल्मेट काखेत धरून अभिमानानं उभे होते. मनतशानं दुर्बीण लावली, घरट्याकडे बघितलं आणि ती बघतच राहिली.

"अब्बा, हा बसलाय त्याला तुम्ही नर म्हणता?"

"मग? केवढा रुबाब आहे बघ."

"त्याचा डोळा पिवळा आहे."

नजीरभाईंनी दुर्बीण घेतली, बघितलं, परत दिली आणि म्हणाले की डोळा डोळ्यासारखाच आहे. एवढ्यात लहान पक्षी टाकीवर आला. मनतशा म्हणाली, हा बघा, ह्याचा लाल. नजीरभाईंनी बघितलं. तोही डोळ्यासारखाच होता. मनतशानं दुर्बीण खाली ठेवली आणि दोरीवर वाळत घातलेल्या ओढण्यांकडे बोट केलं.

"अब्बा, ह्यातली लाल कुठली?"

ही काय विचारायची गोष्ट झाली, म्हणत नजीरभाईंनी एक ओढणी धरली. सुलतानबींच्या हातातला पिळा तसाच राहिला. ती ओढणी शेवाळी होती.

"अजी," त्या हळूच म्हणाल्या, "मागच्या ईदेला हा सलवार-कुडत्याचा जोडा तुम्ही लाल म्हणून आणला होता का?"

"लालच आहे तो."

"मला वाटायचं तुम्हाला हाच रंग आवडतो. दर ईदेला हाच आणता. म्हणून मी घालत राहिले."

नजीरभाई खवळले. आपण रंग तपासणारे आहोत, त्यांनी ठणकावून सांगितलं. रंगीत ठिपक्यांचं ते पुस्तक, ज्याच्या प्रत्येक पानावर ठिपक्यांत आकडा लपलेला असतो, ते पुस्तक आपण लहानपणापासून वाचतो. पहिल्या पानावर बारा, दुसऱ्यावर आठ, तिसऱ्यावर सहा, मग एकोणतीस, मग सत्तावन्न, मग पाच, मग तीन. असे आकडे त्यांनी धडाधड म्हणून दाखवले, वडिलांनी पाढ्यांसारखे पाठ करून घेतले होते तसे. शेवटच्या पानापर्यंत पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की पुस्तक दुकानात आहे आणि दुकान बंद आहे. आपण गच्चीवर रिकाम्या हातांनी उभे आहोत. ते टाकीच्या कट्ट्यावर बसले.

मग मनतशानं विचारलं, डोळा दिसत नव्हता तर नर-मादी ओळखली कशी?

"मोठा तो नर, लहान ती मादी."

"दर वेळेला असंच?"

"दर वेळेला. मी काय आज एक नि उद्या एक सांगणारा माणूस आहे?"

मनतशाच्या चेहऱ्यावर जीव आला. शिकारी पक्ष्यांत उलटं असतं, ती म्हणाली, मादी मोठी आणि नर लहान. म्हणजे अब्बांचं सगळंच्या सगळं चुकलं होतं, पण एकसारखं चुकलं होतं. नराच्या जागी मादी आणि मादीच्या जागी नर केलं की सगळं बरोबर होत होतं. नवल काही उरत नव्हतं, पण प्रकल्प उरत होता.

"पण मॅडम विचारतील, अदलाबदल झाली कशी," सुलतानबी म्हणाल्या.

मनतशा म्हणाली, "लिहून घेताना माझ्याकडून झाली म्हणते. अब्बांचं दुकान आहे."

नजीरभाई खाली जाऊन पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले. दुपारी जेवायला उठले नाहीत. राग कुणावर काढावा हेच त्यांना समजेना. आप्पासाहेबांच्या बैलावर, वडिलांवर, पुस्तकावर, की असल्या पक्ष्यांवर, ज्यांच्या बायका नवऱ्यांपेक्षा थोराड असतात आणि तरी ते कुणाला आधी सांगत नाहीत. पोरगी आपलं नाव खराब करून घ्यायला निघाली होती. तिनं सांगितलेलं मॅडमना पटणारही नव्हतं. आणि पटलं, तरी असल्या गाफील मुलीची शिफारस त्यांनी केली नसती. हे सगळं भिंतीला ठाऊक होतं, नजीरभाईंनाही ठाऊक होतं.

संध्याकाळी गच्ची भरली. मॅडम आल्या, वार्ताहर आला, पंचाक्षरी कुणी न बोलावता आले, आप्पासाहेब हार घेऊन आले. वीरण्णा डोक्याला टोपी, खांद्यावर तिवई असे चढून आले. त्यांनी तिवई उघडली, मोठी दुर्बीण हातात घेतली, ती तिवईवर बसवण्याआधी सहज लिंबाकडे नजर टाकली आणि म्हणाले, "ही मादी हाय."

मॅडमनी मनतशाकडे बघितलं.

"नर बसतो म्हणे," वीरण्णा म्हणाले. "मॅडम, तुमच्या पोरीनं लातुरात बसून गोष्ट रचली हाय. हितं येऊन कुणी डोळा बघितलाच न्हाई."

मनतशा पुढं झाली. "मॅडम, लिहून घेताना माझ्याकडून..."

"थांब बेटा," नजीरभाई म्हणाले.

त्यांनी हेल्मेट काढून कट्ट्यावर ठेवलं. समोर उभ्या असलेल्या माणसांपैकी निम्म्यांच्या नाकावर त्यांच्याच दुकानातले चष्मे होते.

"पोरीनं काही रचलं नाही. डोळे मी बघितले. रोज बघितले. मला लाल दिसत नाही. दिसतं ते लाल नसतं, हे मला आज सकाळी कळलं. डोळ्यावरून ओळखता येईना म्हणून मी मोठा तो नर असं धरलं आणि पोरीला सांगितलं नाही, कारण मला लाज वाटली. चूक माझी आहे. पण मोठा बसतो आणि लहान आणतो, ह्यात एक दिवस फरक केला नाही मी."

मॅडमनी मनतशाच्या फोनमधले निरोप मागितले आणि तिथंच उभ्या राहून, एकेक ऐकत, नर-मादी उलटी करून पडताळू लागल्या. तेवढ्यात एक पक्षी पाल घेऊन लिंबावर उतरला. मॅडमनी मान वर न करता विचारलं, कोण आलं? लहान, नजीरभाई म्हणाले. मॅडमनी वीरण्णांकडे बघितलं. वीरण्णांनी मान डोलावली.

"एकही नोंद वाया गेलेली नाही," दीपमालामॅडम म्हणाल्या. "इतक्या नेमानं बघणारा माणूस मला कॉलेजात मिळत नाही. मनतशा, उद्या येऊन शिफारसपत्र घेऊन जा." त्या तेव्हाही हसल्या नाहीत.

मनतशानं बापाचा हात धरला आणि सोडला नाही. आप्पासाहेबांनी हार कुणाला घालावा हे न कळून तो स्वतःच्याच मनगटाला गुंडाळला, मग डोळ्यांवरचा चष्मा काढून उन्हात धरला.

"नजीरभाई, ही फ्रेम काळी हाय का न्हाई?"

"काळीच आहे. काळं दिसतं मला," नजीरभाई वैतागून म्हणाले.

पुढचे काही आठवडे असेच वैतागात गेले. पेपरात दुसरी बातमी आली, पहिलीपेक्षा मोठी, फोटोसकट. फ्लेक्स उतरवायला कुणी तयार होईना, कारण शुभेच्छुकांचे चेहरे चांगले आले होते. रस्त्यानं जाताना कुणीही केळं, शर्ट, रिक्षाची गादी दाखवून विचारी, चाचा, ह्याचा रंग सांगा. काही गिऱ्हाइकं दुकानावरून न बघता पुढं जात. सुलतानबी एके दिवशी एकट्याच जाऊन लालभडक जोडा घेऊन आल्या आणि आरशासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. नजीरभाईंना तो नेहमीसारखाच दिसला, पण बायको वेगळी दिसली, म्हणून ते छान आहे म्हणाले. बिलोलीच्या मामूंचे जुम्म्याचे फोन बंद झाले.

मॅडमनी तेवढ्यावर सोडलं नाही. त्यांनी दोन्ही जिल्ह्यांच्या पक्षीमित्रांना कळवलं की यापुढं नर-मादीच्या नोंदी पाठवणाऱ्यानं आधी रंगदृष्टी तपासून घ्यावी, आणि तपासणी नजीरभाईंकडे करावी, कारण त्यांना उत्तरं पाठ आहेत. मंडळी येऊ लागली. लातूरहून आली, भोकरहून आली. ठिपक्यांतले आकडे खडाखडा वाचून दाखवू लागली. नजीरभाईंना त्या सगळ्यांचा मनस्वी राग आला.

सगळ्यांत शेवटी, दुपारच्या सामसुमीत, उदगीरचे वीरण्णा आले. ह्या वेळी टोपी नव्हती, तिवई नव्हती. इकडेतिकडे बघून ते खुर्चीत बसले. नजीरभाईंनी पुस्तक उघडलं. पहिल्या पानावरचा आकडा सगळ्यांनाच दिसतो, तो वीरण्णांनी वाचला. दुसऱ्या पानाशी ते थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. छपाई उन्हानं उडाली हाय, म्हणाले. नजीरभाईंनी पान उलटलं.

"हितं काही छापलेलंच न्हाई," वीरण्णा म्हणाले.

छापलेलं होतं. सहा होता. नजीरभाईंना तो पाठ होता, पण दिसत त्यांनाही नव्हता. दोघं त्या ठिपक्यांकडे बराच वेळ बघत बसले.

"म्हणजे गच्चीवर तुम्ही डोळा बघितला नव्हता," नजीरभाई शेवटी म्हणाले.

"कशाला बघायचा? मोठी दिसली, म्हणलं मादी. जन्मभर तसंच म्हणत आलो. कधी चुकलो न्हाई." मग आवाज खाली करून ते म्हणाले, "पास झालो म्हणून लिवून द्या नजीरभाई. माझं सगळं नाव ह्याच्यावर हाय."

इतवाऱ्यात दुपारीही माणसं कमी नसतात. दारात उभं राहून एक हाक मारली असती तर सगळा बाजार गोळा झाला असता. मनतशाच्या तोंडावर गोष्ट रचली म्हणणारा माणूस समोर खुर्चीत बसला होता. नजीरभाईंच्या मनात ते आलं, आणि थोडा वेळ राहिलंही. मग त्यांनी दुकानाच्या छापील कागदावर लिहिलं: 'लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही. लहान-मोठं अचूक ओळखतात. नोंदींवर भरवसा ठेवावा.' आणि खाली सही केली.

वीरण्णांनी कागद दोनदा वाचला.

"चारचौघांत कसं सांगितलंत हो तुम्ही?"

"पोरीचं होतं म्हणून. माझ्या एकट्याचं असतं तर मेलो असतो, पण लालच आहे म्हणत मेलो असतो."

वीरण्णांनी कागद घडी करून खिशात ठेवला, मग पुन्हा बाहेर काढून मांडीवर ठेवला. थोड्या वेळानं त्यांनी फोन काढला आणि खुर्चीतून न उठताच नंबर लावला.

"मॅडम, वीरण्णा बोलतोय," ते म्हणाले. "आधी जरा खाली बसून घ्या."